आत्याचा पांढरा मोजा

आत्याच्या पायाला चटका बसलाय हे सगळ्यांत आधी आमच्या नाकांना कळलं आणि सगळ्यांत शेवटी आत्याला.

पांढऱ्या रविवारची सकाळ होती. वर्षातला हा एकच दिवस असा, की आमच्या सामोअन घरांत मोठी माणसं लहानांपुढे वाकतात. पोरांना नवे पांढरे कपडे, चर्चमध्ये पोरांचाच कार्यक्रम, जेवायला पोरं आधी. आणि वाढणारे कोण, तर बाकी वर्षभर आमच्यावर खेकसणारे.

सामोआपासून दूर, लोगन शहरातल्या आमच्या घरामागे, कपडे वाळत घालायच्या गोल फिरत्या दांडीपासून जरा लांब, बाबांनी उमू, म्हणजे तापल्या दगडांची चूल, लावला होता. लाकडं जळून खाली बसली होती, दगड रसरशीत तापले होते. त्यांवर तारोचे कंद, नारळाच्या दुधातल्या अळूच्या पुरचुंड्या आणि एक अख्खं डुक्कर रचायचं, वर केळीची पानं घालायची आणि आंघोळी उरकून चर्च गाठायचं, एवढंच राहिलं होतं.

"डुक्कर कोणी ठेवलं रे माझ्याआधी?" नळावर हात धुताधुता बाबा ओरडले. "काय वास सुटलाय!"

"डुक्कर इथे आहे," आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली. "माझ्यासमोर, थंडगार. सासूबाई बोलताहेत त्याच्याशी."

मग वास कसला? बाबा डुक्कर आणायला आत गेले आणि मी वळून पाहिलं.

वाओसा आत्या केळीची पानं छातीशी धरून उमूच्या कडेला उभी होती. अनवाणी. एक दगड ढिगातून घरंगळून बाहेर आला होता आणि तिची डावी टाच त्यावर निवांत टेकली होती, समुद्रावर ओल्या वाळूत टेकावी तशी. ती चर्चमधल्या तिच्या कॉयरच्या गाण्याची चाल गुणगुणत होती.

"आत्या! पाय!"

तिने खाली पाहिलं. चेहऱ्यावर नुसतं कुतूहल, जणू दुसऱ्याच कुणा बाईचा पाय चुकून तिच्याकडे राहिला होता. मग तिने तो उचलला. कातडीचा एक तुकडा दगडावरच राहिला.

"दुखत नाहीये?"

"छे," ती म्हणाली, पण वरच्या पट्टीतला आवाज एकदम खाली आला होता. "देवाची कृपा."

जीवशास्त्राच्या तासाला मी मागच्या बाकावर बसते, पण कान पुढच्या बाकावर ठेवते. भाजल्यावर दुखणं ही वाईट बातमी आणि न दुखणं त्याहून वाईट, एवढं मला माहीत होतं.

"मी बाबांना सांगते..."

"सिनालेई." आत्याने माझं अख्खं नाव घेतलं म्हणजे प्रकरण गंभीर. "आज तुझं पाठांतर आहे. आज माझी कॉयर आहे. आज कोणी कुठेही जाणार नाही. एक अक्षर बोललीस तर तुला त्या डुकराशेजारी झोपवीन."

तिने पाय घाईघाईत नळीखाली धरला, त्यावर केळीचं कोवळं पान गुंडाळलं आणि वरून मोजा चढवला. पांढऱ्या रविवारी पांढरा मोजा. कुणाच्या मनात काय येणार?

*

गेल्या वर्षी ईस्टरनंतर आत्याचं पोट लहान करायचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी केळ्याएवढं पोट ठेवलं, बाकीचं काढून टाकलं. "काढलेलं कुठे आहे?" असं फुआतिनो आजीने त्यांना विचारलं होतं, आणि नीट उत्तर न मिळाल्यामुळे ती अजून त्यांच्यावर नाराज आहे. पण आत्याची साखर उतरली. गुडघ्यांची कुरकुर थांबली. चर्चच्या पायऱ्या ती मध्ये न थांबता चढायला लागली. मग एका रविवारी तिने भर चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली, "मी वाओसा. मी बरी झाले. प्रभूने माझं काम पूर्ण केलं!" सगळं चर्च रडलं. आजी सगळ्यांत जास्त, आणि नंतर चहाच्या टेबलाभोवती हिंडून हिंडून सांगत होती, की ऑपरेशन निमित्तमात्र, खरं काम तिच्या प्रार्थनेचं.

आता जिचं काम प्रभूने पूर्ण केलंय, ती परत दवाखान्यात कशाला जाईल?

दवाखाना मात्र काहीच पूर्ण झालंय असं मानायला तयार नव्हता. रक्त तपासा, वजन दाखवा, आहाराचं सांगणाऱ्या बाईंना भेटा, गोळ्या जन्मभर घ्या. आत्याने त्यांचे फोन उचलणं सोडलं, तेव्हा निरोप बाबांच्या फोनवर यायला लागले, कारण अडीअडचणीला म्हणून तिने बाबांचाच नंबर दिला होता. आणि तिथेच सगळं अडलं. आमच्यात भावाने बहिणीला शब्दाने दुखवायचं नसतं. ती बोलेल, तो ऐकेल. माझे बाबा, पेलेनातो, गोदामात गडगडतात तेव्हा बाहेरचे ट्रकवाले हॉर्न थांबवतात म्हणे, पण ताईसमोर आले की टायरमधली हवा जाते.

म्हणून बाबांनी आईला सांगितलं. आई पडली सून, तिने आजीला सांगितलं. आजीने थेट देवालाच सांगितलं, संध्याकाळच्या प्रार्थनेत, सगळ्या घरादारासमोर.

"हे प्रभू, आमच्यातल्या एका बाईला, जिचं नाव मी घेणार नाही पण जी माझ्या उजव्या हाताला बसलीये, तिला दवाखान्याचा रस्ता दाखव."

"आमेन," आत्या शांतपणे म्हणाली. मग तिची पाळी आली. "हे प्रभू, माझ्या डाव्या हाताला बसलेल्या बाईला दुसऱ्याच्या ताटात न डोकावण्याचं बळ दे."

"आमेन!" आम्ही पोरं सगळ्यांत जोरात ओरडलो.

हे महिनोन्‌महिने चाललं. देव बिचारा दोन्ही बाजूंचं ऐकून घेत होता आणि आत्या दवाखान्यात जात नव्हती.

*

चर्चमध्ये त्या दिवशी मी सगळ्यांत लांब पाठांतर म्हटलं. मागच्या वर्षी पहिल्याच ओळीला मी फुलांच्या मोठ्या कुंडीमागे जाऊन बसले होते. या वर्षी मी कुंडीच्या पुढे उभी राहिले, आणि शेवटची ओळ तर अशी ठणकावून म्हटली की मागच्या रांगेतलं एक बाळ रडायला लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, आता मी काहीही करू शकते. हे पुढे उपयोगी पडलं.

त्या वेळी आत्याच्या मनात काय चाललं होतं, ते तिने मला नंतर गाडीत सांगितलं.

ती कॉयरसमोर उभी होती आणि तिला जमीन लागत नव्हती. डोळ्यांना पाय दिसत होते म्हणून ते तिथे आहेत असं मानायचं. गेले काही महिने ती ठेका पायाने धरतच नव्हती, समोरच्या तबेसा मावशींच्या हनुवटीकडे बघून धरत होती, कारण मावशींची हनुवटी तालात हलते. जीभ सोलल्यासारखी लाल झाली होती. केस हातात येत होते. हे सगळं तिला समजत होतं. आणि तिला ती नर्स आठवत होती, शेवटच्या भेटीतली. पोरसवदा, गोड, नवीन लागलेली. तिने आत्याच्या पायाच्या बोटांना बारीक काडी टोचली होती आणि हसून विचारलं होतं, "जाणवतंय ना?"

आत्याला काही जाणवलं नव्हतं.

"हो," आत्या म्हणाली होती.

इतक्या प्रेमाने विचारणाऱ्या मुलीला तोंडावर नाही कसं म्हणायचं? आमच्यात मोठ्या हुद्द्याच्या माणसाला हो म्हणणं हीच रीत. डॉक्टर म्हणाले समजलं? हो. गोळ्या घेताय? हो. पुढच्या महिन्यात येणार? हो, हो. एवढं गोड बोलून आत्या तिथून निघाली आणि परत फिरकलीच नाही.

ती समोर बघत राहिली. मावशींची हनुवटी हलली. तिने हात उचलला आणि कॉयर गायला लागली.

*

जेवायला आम्ही पोरं घरामागे चटयांवर ओळीने बसलो आणि मोठी माणसं भांडी घेऊन वाकली. माझं हे शेवटचं वर्ष. आमच्या घरात सोळावं लागलं की पोर चटईवरून उठतं आणि वाढप्यांत जातं. त्यामुळे बाबांना निदान तीनदा तरी डुकराच्या कुरकुरीत कातडीसाठी पळवायचं, असं मी ठरवूनच बसले होते.

"आणखी काय हवं, महाराणी?"

"जरा वाकून विचारा."

"उद्या सोमवार आहे हं, लक्षात ठेव."

आत्या शेवयांचं पातेलं घेऊन ओळीतून फिरत होती. लंगडत नव्हती, हेच भयंकर होतं. मोज्याच्या टाचेवर पिवळट ओला डाग उमटला होता. माझ्यापाशी आली तेव्हा तिने डोळे असे वटारले, की मी शेवयांकडेच बघत राहिले.

तेवढ्यात भिंतीला टेकवून ठेवलेला आईचा फोन वाजला. पडद्यावर सामोआतल्या सावाई बेटावरचं आमचं गाव, आणि गावाच्या पुढे फातुकाकांचं नाक. ते बाबांचे चुलतभाऊ.

"वाओसा कुठेय? आधी वाओसाला आणा! पिंप पोचलं!"

आम्ही इथून गावाला पिंप भरून सामान पाठवतो. साबण, माशांचे डबे, चादरी, जुने बूट.

"आवाज नीट येत नाही," आत्या लांबूनच म्हणाली. "ठेवा तो फोन."

"मला तर छान येतोय," आई म्हणाली.

"अगं, त्या गोळ्या!" काकांनी टोपी काढली. "हे बघा! कपाळापर्यंत आले केस! त्या चघळायच्या नारिंगी गोळ्या गं. आमच्या सेफीची नखं तर अशी झालीत, नुसत्या नखांनी नारळ सोलेल. पुढच्या पिंपात जास्त घाल. पाद्रीणबाईंनी पण मागितल्यात."

आईच्या हातातला डाव तसाच हवेत राहिला.

"कुठल्या नारिंगी गोळ्या, ताई?"

लग्न होऊन आल्यापासून आईने आत्याला थेट प्रश्न विचारल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

"चांगल्या गोळ्या आहेत," आत्या म्हणाली. "तिकडे मिळत नाहीत. मी बरी झालेली बाई, मी कशाला खात बसू? चांगली वस्तू गावाला नाही पाठवायची तर काय करायचं?"

"त्या तुमच्या औषधाच्या गोळ्या आहेत! जन्मभराच्या!"

"हे बघ, गावाला पाठवलं त्यात काय बिघडलं?" आजीने एकदम बाजू बदलली. देवाकडे केलेल्या सगळ्या तक्रारी ती विसरून गेली. गावाचं नाव निघालं की आजी गावाची. "फातुला जन्मापासून केस नव्हते. बघ आता कसा माणसात आलाय."

"आणि ताईंचे चाललेत, त्याचं काय?"

"तुला गं काय माहीत?"

"न्हाणीची जाळी मी साफ करते!"

आजीने आत्याच्या डोक्याकडे पाहिलं. आत्याने केसांत खोवलेलं फूल उगाच सारखं केलं. बाबा अत्यंत बारकाईने डुकराच्या कानाचं निरीक्षण करत होते. मग त्यांना सुटकेचा मार्ग सापडला.

"चला चला, आइस्क्रीम!" त्यांनी टाळी वाजवली. "सिना, तुझं शेवटचं वर्ष. तू सांगशील ते. माग काय हवं ते!"

मी उभी राहिले. चर्चमधल्यासारखी, कुंडीच्या पुढे.

"मला आइस्क्रीम नको. मला आत्याचा मोजा काढून हवाय."



"सिनालेई!" आत्या म्हणाली.

"आज मला रागवायचं नाही. पांढरा रविवार आहे."

"कसला मोजा?" आजी म्हणाली. "मोज्याचं काय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग मोज्याकडे, मग त्या डागाकडे. बाबांचं डोकं सावकाश चालतं पण पोचतं. बहिणीला हुकूम करता येत नव्हता. पण आज पोर मागेल ते वाढायचं असतं, आणि बहिणीची सेवा करायला भावाला कोणीच अडवलेलं नाही. ते आत्यासमोर गुडघ्यांवर बसले.

"ताई," ते म्हणाले, "पोर मागतंय."

पातेलं खाली ठेवून आत्या खुर्चीवर बसली. बाबांनी तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि मोजा हळूहळू उलटा करत काढला. त्याला चिकटून केळीचं पान निघालं, आणि खाली टाच.

आजीने दोन्ही हात तोंडावर धरले. धाकटी पोरं चावायची थांबली.

"काय झालं? मला दिसत नाहीये!" फातुकाका ओरडत होते. "अरे, फोन तरी वळवा!"

"कधी?" बाबांनी विचारलं.

"सकाळी. उमूपाशी."

"कळलं नाही?"

आत्याने भावाकडे पाहिलं. त्याला हो म्हणायची रीत नव्हती. तो धाकटा.

"नाही रे," ती म्हणाली. "घोट्याच्या खाली मला काहीच कळत नाही. पावसाळी दिवस संपले तेव्हापासून."

"दवाखान्यात..." आई म्हणाली.

"कुठल्या तोंडाने जाऊ?" आत्या एकदम उसळली. "सगळ्या चर्चपुढे उभी राहिले होते मी! बरी झाले म्हणाले! प्रभूने काम पूर्ण केलं म्हणाले! आता रांगेत जाऊन बसू, आणि तबेसा बघेल, आणि उद्या सगळीकडे, वाओसाचं काम अर्धवट राहिलं. प्रभूचं नाव मी बुडवू?"

चर्चचा विषय निघाला की आमच्याकडे आई गप्प, बाबा गप्प. म्हणून सगळे आजीकडे बघायला लागले.

आजी उठली, आत्याजवळ आली आणि चटईवर धप्पकन बसली.

"मी रोज संध्याकाळी प्रार्थना करते," ती म्हणाली. "तुझा बाप होता तेव्हापासून. एक दिवस देवाने ऐकलं, म्हणून दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतली का मी कधी?"

"तुझं वेगळं, आई."

"वेगळं कसं? तोही कंटाळला असेल माझं तेच तेच ऐकून. येतोय ना बिचारा रोज?"

आत्याच्या तोंडातून काहीतरी निघालं. रडू असावं असं वाटलं, पण अर्ध्यावर त्याचं हसू झालं आणि तिचं तिलाच आवरेना.

"ताई, मी काहीच म्हणत नाही," बाबा म्हणाले आणि उठून निघून गेले.

मग घराच्या कडेने गाडीचा आवाज आला. बाबांनी गाडी गवतावरून, आईच्या जास्वंदीवरून, थेट चटईच्या टोकापर्यंत आणली. मागचं दार उघडलं. सीटवर आजीची सगळ्यांत चांगली, बारीक विणीची चटई अंथरली, जी फक्त लग्नात आणि मयतात निघते. मग ते पुढे जाऊन बसले आणि समोर बघत राहिले. इंजिन चालू.

"काहीच म्हणत नाही तो," आत्या डोळे पुसत म्हणाली. "आणि किती मोठ्याने." तिने माझा खांदा धरला. "चल गं चोमडे. आणि ते आइस्क्रीम घे बरोबर. फुकट वितळायला नको."

*

इमर्जन्सीत पोचलो तर अर्ध्या खुर्च्यांवर पांढरे कपडे. आमचेच लोक. दरवर्षी या दिवशी कोणी ना कोणी पोर आइस्क्रीम फार खाऊन इथे येतंच. आत्याने ओढणी डोक्यावरून खाली ओढली, पण सहा फुटांची बाई ओढणीत मावत नाही.

"वाओसाऽ! तू इथे कशी?" एका कोपऱ्यातून आवाज आला.

"पाहुणी म्हणून आलेय," आत्या म्हणाली.

आतल्या नर्सने टाच बघितली, साफ केली, पट्टी बांधली. ही मघाशी सांगितली ती नव्हती. ही वयस्क, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिने पोटाचं ऑपरेशन कधी झालं ते विचारलं, गोळ्या विचारल्या. आत्याने आढ्याकडे बघत पिंपाची सगळी हकीकत सांगितली. नर्स हसली नाही. म्हणाली, हे बहुतेक जीवनसत्त्व कमी पडल्याचं आहे, रक्तात कळेल. इंजेक्शनं सुरू करावी लागतील, आणि मग थांबायचं नाही. काही संवेदना परत येतील, काही कदाचित येणार नाहीत. जितक्या लवकर, तितकं चांगलं.

"आता मी टोचते," ती म्हणाली. तिने बारीक काडी काढली. "सांगा हं. जाणवतंय?"

पडद्यापलीकडे एक पोर ओकत होतं आणि त्याची आजी त्याला आमच्या भाषेत शिव्या घालत होती. त्या शिव्या एकदम थांबल्या. पलीकडचे सगळे कान लावून बसले होते, हे आत्यालाही कळलं. तबेसा मावशींना संध्याकाळपर्यंत सगळं समजणार होतं.

आत्याने नर्सकडे पाहिलं. दिवसभराचं दमलेलं, पण प्रेमाने विचारणारं तोंड. आत्याचे ओठ हो म्हणायला गोल होतायत हे मला दिसलं. बाबा आपल्या गुडघ्यांकडे बघत होते. काहीच म्हणत नव्हते.

मग आत्या सरळ बसली. चर्चमध्ये बसते तशी, पाठ ताठ, हात मांडीवर.

"मी वाओसा," ती म्हणाली, कॉयरच्या आवाजात, मागच्या रांगेपर्यंत जाईल असा. "मला जाणवत नाही. हे बोट नाही. हेही नाही. हेही नाही."

नर्सची काडी अंगठ्यापाशी आली.

"थांब," आत्या म्हणाली. "इथे. इथे थोडंसं."

पडद्यापलीकडून एक म्हातारा आवाज म्हणाला, "आमेन."